आंटीच्या हाताखाली मडकी घडवताना

आंटीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती वाळलेलं शेण वेचत होती.

मी न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनजवळच्या ते रापा इथे, एका डेअरी कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. दुधाचे नमुने तपासायचं काम. एखाद्या फार्मच्या दुधात वरचेवर जंतू जास्त सापडायला लागले, की आमच्यापैकी कुणीतरी गाडी काढून तिथे जातं आणि टाकी, पाइप, नळ्या सगळं बघून येतं. तो उन्हाळ्याचा शेवट होता. बरेच आठवडे पाऊस नव्हता आणि एरवी डोळ्यांत भरणारं हिरवंगार वायकाटोचं खोरं भुशाच्या रंगाचं झालं होतं. फार्मवरचं काम आटोपून मी गाडीकडे निघाले होते, तर कुंपणापलीकडच्या पॅडकमध्ये, म्हणजे गाईंच्या कुरणात, एक ठेंगणी म्हातारी बाई दिसली. पायांत गमबूट, डोक्याला रुमाल, पाठीवर दोन पांढऱ्या वेण्या. ती शेणाच्या एकेका पोपाशी थांबायची, बुटाच्या टोकाने तो उलटा करायची, वाकून खालची बाजू निरखायची आणि पसंत पडला तरच उचलून गोणीत टाकायची.

इथे शेण म्हणजे पाण्याच्या पाइपने धुऊन टाकायची गोष्ट. त्याच्याकडे असं निवडून बघणारं माणूस हॅमिल्टनला आल्यापासून मी पाहिलं नव्हतं. मी कुंपणाशी गेले आणि इंग्रजीत विचारलं, "जाळायला नेताय का?"

तिने मान वर केली. "तुला कसं कळलं?"

"आमच्याकडे जाळतात. खालून वाळलंय का ते बघताय ना?"

"वरून सगळंच वाळलेलं दिसतं," ती म्हणाली. मग माझ्या हातातल्या नमुन्यांच्या पेटीकडे, कंपनीच्या जॅकेटकडे बघून हसली. "चूल नाही माझ्याकडे. मडकी भाजायला लागतं हे."

मी म्हटलं, मला बघायला आवडेल. असं आपण शंभर ठिकाणी म्हणतो. तिने मात्र ते खरं धरलं. "शनिवारी सकाळी ये. गोणीचं तोंड धरायला एक माणूस हवंच आहे."

ती फार्मच्या मालकाची आई होती. तिचा जन्म अमेरिकेतला, न्यू मेक्सिकोच्या कोरड्या मुलखातल्या एका पुएब्लो गावातला. तिथल्या मूळ लोकांची ही गावं गोऱ्यांच्या कितीतरी आधीपासूनची, आणि तिथल्या बायका मडकी करतात ती चाकाशिवाय, नुसत्या हातांनी. ती आपल्या मावशीकडे शिकली. तरुणपणी मेंढ्यांची लोकर कातरायला न्यूझीलंडहून तिकडे गेलेल्या एका तरुणाशी तिचं लग्न झालं आणि ती इकडे आली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आजूबाजूची सगळी माणसं, माओरी म्हणजे इथली मूळची, पाकेहा म्हणजे गोरी, लहानथोर, तिला आंटी म्हणत. मीही तेच म्हणायला लागले. इंग्रजीत तू आणि तुम्ही असा फरक नसतो, त्यामुळे माझ्या मनातलं "अहो आंटी" कधी "अगं आंटी" झालं ते मला सांगता येणार नाही.

पहिल्या शनिवारी मला वाटलं होतं, शेडमध्ये बसून थोडी माती हाताळू, चहा पिऊ, दुपारी घरी. मी गोणीचं तोंड धरलं, त्यानंतर तिने एक बादली माझ्यापुढे ठेवली. त्यात भिजलेली माती होती. "यातलं जे माती नाही ते काढ," ती म्हणाली आणि स्वतःच्या कामाला लागली. मी खडे काढले, मुळं काढली, गवताच्या काड्या काढल्या. झालं म्हणून दाखवलं तर तिने बादलीत हात घातला, बोटं जराशी फिरवली आणि एक मुगाएवढा खडा काढून माझ्या तळव्यावर ठेवला. मी पुन्हा खाली बसले.

असे किती शनिवार गेले कोण जाणे. माती चाळायची, निवळायची, जुन्या चादरीत बांधून टांगायची, पाणी गळून गेलं की पायाने तुडवायची. नवरा हसायचा. "पोस्ट ग्रॅज्युएट बाई आठवडाभर जंतू शोधते आणि सुट्टीच्या दिवशी खडे," म्हणायचा. मला मात्र त्या शेडमध्ये बरं वाटायचं. लॅबमध्ये सगळं आकड्यांत उत्तर देतं. इथे आंटी चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची, आणि म्हणायची, "अजून दगड हवा." तिच्या गावी मातीत ज्वालामुखीची राख मिसळतात, म्हणजे मडकं भाजताना तडकत नाही. इथे आल्यावर राखेचं काय करायचं हा तिला प्रश्न पडला होता. मग एकदा नदीकाठी मुलांना पाण्यावर तरंगणारे दगड फेकताना तिने पाहिलं. ते प्यूमिस होतं, इथल्याच जुन्या ज्वालामुखीने उधळलेलं. तिने ते गोळा केलं, कुटलं, चाळलं आणि मिसळून पाहिलं. पहिली काही वर्षं मडकी फुटतच राहिली. तिला प्रमाण सांगायला कोणी नव्हतं. मावशीला पत्राने विचारलं तर मावशीने कळवलं, तुझ्या मातीला विचार.

"मग?" मी विचारलं.

"मग विचारत बसले," आंटी म्हणाली. "दुसरं काय करणार?"

माती आम्ही आणायचो शेजारच्या एका माओरी कुटुंबाच्या जमिनीतून. ओढ्याच्या काठावर पिवळसर मातीची एक दरड होती. दर वेळी आंटी आधी त्यांच्या घरी जाऊन विचारायची. पहिल्याच वर्षी त्यांनी तिला कायमची परवानगी देऊन टाकली होती, तरीही. त्या घरातले म्हातारे गृहस्थ "किया ओरा आंटी" असा नमस्कार करत काठी टेकत आमच्याबरोबर ओढ्यापर्यंत यायचे, त्यांची प्रार्थना म्हणायचे. मग आंटी खिशातून मक्याच्या पिठाची पुरचुंडी काढायची, चिमूटभर पीठ मातीवर सोडायची आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणायची. ते झाल्यावरच फावडं.

पहिल्या वेळी दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी गोंधळले. आमचं घर बौद्ध. आईवडिलांनी आम्हाला वंदना शिकवली, पण कुठल्याही दगडामातीपुढे हात जोडायचे नाहीत हेही शिकवलं. मी तसं सांगितलं. म्हटलं, "आम्ही मातीला देव मानत नाही."

"मीही देव म्हणाले नाही," आंटी म्हणाली. "कुणाच्या घरून काही नेताना तू काय म्हणतेस?"

मी मराठीत म्हटलं, "नेते हं थोडी." म्हाताऱ्यांनी मान डोलावली. आंटीने माझ्या हातात फावडं दिलं.

घडवायला सुरुवात झाली ती थंडीत. शेडमध्ये हीटर नव्हता, बोटं बधिर व्हायची. एका पसरट वाडग्यात मातीची पोळी दाबून बूड करायचं. मग तळहातांवर माती वळून लांब वळी करायची, ती काठावर गोल बसवायची, चिमटीने खालच्या थराला जोडायची, आणि वर पुढची. वाळलेल्या भोपळ्याच्या कवचाचे तुकडे तिच्याकडे होते, वेगवेगळ्या गोलाईचे. त्याने आतून बाहेरून खरवडत गेलं की वळ्यांच्या खुणा मिटतात आणि भिंत पातळ होते. आंटी हे करताना मडक्याकडे बघायचीच नाही. खिडकीबाहेर गाई दूध द्यायला रांगेने चाललेल्या असायच्या, तिकडे तिची नजर असायची. डावा हात आत, उजवा बाहेर, आणि दोन हातांच्या मधली माती सगळीकडे सारखी जाड. मी कॅलिपरने मोजून पाहावं असं एकदा मनात आलं होतं. मोजलं नाही. त्याची काही गरज नव्हती, ते दिसत होतं.

माझी मडकी बसायची. म्हणजे खरोखरच बसायची, पोट वाढलं की खचून खाली. आंटी ती उचलून परत बादलीत टाकायची, त्यात राग नसायचा, शाबासकीही नसायची. "घाई केलीस. खालचं सुकू द्यायचं होतं," एवढंच. एकदा मी विचारलं, "माझं पहिलं वेडंवाकडं का होईना, ठेवू या का आठवण म्हणून?" ती म्हणाली, "कशाला? माती चांगली आहे."

वसंतात माझं एक मडकं उभं राहिलं. लहानसंच, दोन ओंजळींत मावेल एवढं. त्यावर लाल मातीचा पातळ हात दिला, गुळगुळीत दगडाने घोटून घोटून चकाकी आणली. घोटायचा तो दगड आंटीचा होता, मावशीकडून आलेला, अंगठ्याच्या जागी झिजून खोलगट झालेला. तो तिने मला वापरू दिला याचाच मला इतका आनंद झाला होता की मी मडकं घरी नेलं, इंटरनेटवर पुएब्लो मडक्यांची चित्रं शोधली आणि पुढच्या शनिवारी त्यातली एक नक्षी पेन्सिलीने माझ्या मडक्यावर काढून आणली. पायऱ्यापायऱ्यांचे ढग, खाली पावसाच्या रेघा. मला वाटलं होतं, आंटी खूश होईल.

तिने मडकं हातात घेतलं. बराच वेळ बघितलं. मग अंगठा थुंकीने ओला करून सगळी नक्षी पुसून टाकली.

"हे माझ्या गावाचं आहे," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं इथे आहे, पण मीही ते विचारल्याशिवाय वापरत नाही. तुला द्यायचा मला हक्क नाही."

मला लागलं ते. इतके महिने राबले, आणि एका चित्राने काय बिघडतं, असं वाटलं. घरी जाताना गाडीत मी तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते. पण ट्रॅफिक लाइटला थांबले असताना वाटलं, हिने मला माती दिली, दगड दिला, हात दिला. जे तिचं होतं ते सगळं दिलं. जे तिचं एकटीचं नव्हतं तेवढंच ठेवलं. असा हिशेब इतका स्वच्छ ठेवणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

पुढच्या शनिवारी ती जणू काही झालंच नाही अशी बोलली. "तुझ्या घरात बायका हाताने काय करायच्या?" तिने विचारलं.

मी आठवून म्हटलं, "आई गोधड्या शिवते. जुन्या साड्यांच्या."

"कशी?"

मी कागदावर धावदोरा काढून दाखवला. चौकोनाच्या कडेने सुरू होऊन आत आत जाणाऱ्या तुटक रेघा. आंटीने कागद खिडकीला टेकवून ठेवला. "हे कर," ती म्हणाली. माझ्या मडक्याच्या गळ्याभोवती मी ते टाके काढले, गडद मातीच्या रंगाने, बारीक ब्रशने. निम्मे वाकडे आले.

त्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या डिसेंबरात, आई औरंगाबादहून आमच्याकडे आली. आई निवृत्त मुख्याध्यापिका. मराठवाड्यातल्या एका गावकुसाबाहेरच्या वस्तीतून शिकून वर आलेली. तिच्या वस्तीतली ती पहिली मॅट्रिक झालेली मुलगी. घर टापटीप, साडीला इस्त्री, बोलणं मोजकं. मी शनिवारी कुठे जाते हे कळल्यावर तिने इस्त्री बंद केली. मग म्हणाली, "तुला लॅबमध्ये पाठवायला आम्ही एवढं केलं. आणि तू चिखल तुडवायला जातेस?"

"आवडतं गं मला."

"आवडायला काय, आवडेल. करावं लागलं नाही ना कधी."

मी वाद घातला नाही. माझी मुलगी इथेच अल्बनीला युनिव्हर्सिटीत शिकते, ती सुट्टीला आली होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. ती म्हणाली, "आजी, जस्ट कम अँड सी. शी इज सो कूल." नातीला आई नाही म्हणू शकत नाही.

आम्ही तिघी गेलो. आंटीने व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. उकडत होतं. कोपऱ्यात तिचं मोठं पाण्याचं मडकं होतं, त्यावर लाकडी झाकण आणि भोपळ्याची डवली. आंटी आईला म्हणाली, "हेल्प युवरसेल्फ," आणि चहाचं बघायला आत गेली.

आई मडक्यापाशी गेली आणि नुसती उभी राहिली. मला वाटलं, पाणी स्वच्छ आहे का याचा विचार करते आहे. मी म्हटलं, "चांगलं पाणी आहे, आई. घे ना."

"आमच्या शाळेत मडकं होतं," आई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता. "आम्हाला हात लावायचा नव्हता. तहान लागली की ओंजळ करून उभं राहायचं. कुणी वरून ओतलं तर प्यायचं. कुणी नसलं तर तसंच घरी." मग म्हणाली, "म्हणून मी घरात कधी माठ आणला नाही. तुझे बाबा म्हणायचे, गार पाणी किती छान लागतं. मी फ्रिज घेतला."

मला हे माहीत नव्हतं. आमच्या घरात माठ नव्हता हे मी कधी लक्षातही घेतलं नव्हतं. मी तिची मुलगी, पन्नाशीला आलेली, आणि ही गोष्ट मला न्यूझीलंडमधल्या एका व्हरांड्यात कळत होती. माझी मुलगी आजीकडे बघत राहिली होती. तेवढ्यात आंटी ट्रे घेऊन बाहेर आली. आमचे चेहरे बघून तिने ट्रे खाली ठेवला. माझ्या मुलीने तिला हळू आवाजात इंग्रजीत सगळं सांगितलं.

आंटी हळहळली नाही. तिने मडक्यावरचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली, बस्स.

आईने डवली घेतली. मडक्यात बुडवली, पाणी काढलं आणि प्यायली. मग दुसऱ्यांदा बुडवली आणि नातीला दिली.

त्या दिवसानंतर आई दर शनिवारी आमच्याबरोबर यायला लागली. मातीला तिने हात लावला नाही. खुर्ची टाकून गोधडी शिवत बसायची. दोघी म्हाताऱ्या एकमेकींशी काय बोलायच्या ते एक कोडंच होतं. आईचं इंग्रजी पुस्तकातलं, आंटीचं अर्ध्या जगाच्या चालीचं. मुलगी असली की ती दुभाषी व्हायची. नसली तर आई टाका दाखवायची, आंटी मडकं दाखवायची, दोघी मान डोलवायच्या.

भाजायचं काम शरदापर्यंत थांबलं, कारण उन्हाळ्यात इथे उघड्यावर जाळ करायला बंदी असते. पाऊस पडून गेला, बंदी उठली, आणि वारा पडलेली एक सकाळ बघून आंटीने मला फोन केला. "आज," एवढंच म्हणाली. मी, आई आणि मुलगी पोचलो तेव्हा तिने जमीन तापवायला लहानसा जाळ करून ठेवला होता. लोखंडी जाळीवर मडकी उपडी मांडलेली. माझं लहान मडकं एका कडेला, आणि मधोमध आंटीचं मोठं, जे ती सगळा उन्हाळाभर करत होती. त्यावर तिच्या गावची नक्षी होती. ती काढण्याआधी तिने गावी फोन करून बहिणीला विचारलं होतं, हे मला माहीत होतं. त्याचं पोट इतकं एकसंध गोल होतं की त्याच्याकडे बघताना आपोआप हात पुढे व्हायचा.

मडक्यांभोवती पत्र्याचे तुकडे, आणि त्याभोवती आम्ही वेचलेलं शेण रचायचं होतं. आई लांब उभी होती, पदर नाकाशी धरून. मी गोणी उपडी केली तेव्हा ती जवळ आली. "या रानशेण्या," ती म्हणाली. "थापलेल्या नाहीत. रानात आपोआप वाळलेल्या. आम्ही वेचायचो, शाळेच्या आधी." तिने एक उचलली, दोन हातांत धरून मोडली आणि आतली बाजू मला दाखवली. "ही ओली आहे. शेड गळते का हिची?"

मुलीने आंटीला सांगितलं. आंटीने लगबगीने येऊन तो तुकडा हातात घेतला, नाकाला लावला. पावसात शेडचा एक कोपरा गळला होता, तिच्या लक्षात आलं नव्हतं. मग दोघी जमिनीवर बसल्या आणि एकेक शेणी मोडून बघायला लागल्या. कोरड्या इकडे, ओल्या तिकडे. आईच्या इस्त्रीच्या साडीवर भुसा पडत होता. मी मदत करायला गेले तर तिने मला हाताने बाजूला केलं. तिचे हात भराभर चालले होते. इतक्या वर्षांत शाळेचे खडू, तपासायचे पेपर, पोळ्या, सुई हेच त्या हातांत मी पाहिलं होतं. हा वेग मी कधी पाहिलेला नव्हता.

"यू आर गुड," आंटी तिला म्हणाली.

"आय नो," आई म्हणाली. दोघी हसल्या.

जाळ लागला. धूर सरळ वर गेला. आम्ही मागे सरकून बसलो. काही वेळाने शेणाच्या घुमटाच्या फटींतून आतली मडकी लाल दिसायला लागली आणि आंटीने कुणी बोलू नये म्हणून हात वर केला. तेवढ्यात आतून आवाज आला. फार मोठा नाही, दाराला कुणी बुक्की मारावी तसा. आंटीने डोळे मिटले.

राख निवल्यावर तिने काठीने पत्रे बाजूला केले. मोठं मडकं पोटातून उलून तीन-चार तुकड्यांत पडलं होतं. बाकीची सगळी शाबूत होती, माझंही. त्याच्या एका कुशीवर धुराचा काळा डाग उमटला होता, एवढंच. मला त्याच्याकडे बघवेना. आंटीचा सगळा उन्हाळा त्या राखेत पडला होता आणि माझं वाकड्या टाक्यांचं मडकं मात्र धड होतं.

आंटीने मोठ्या मडक्याचा एक तुकडा उचलला, कडा न्याहाळली. "इथे हवा राहिली," ती म्हणाली. "माझ्या बोटाला कळायला हवं होतं." एवढं बोलून तिने सगळे तुकडे एका बादलीत गोळा केले. मी विचारलं, ते चिकटवून ठेवणार का. ती म्हणाली, कुटायचे आणि पुढच्या मातीत मिसळायचे. तिच्या गावात तसंच करतात. मावशीच्या फुटक्या मडक्यांची पूड तिच्या पहिल्या मडक्यात होती.

मग ती माझ्या मडक्याकडे वळली. ते फिरवून फिरवून पाहिलं, टिचकी मारली. ते खणखणीत वाजलं. तिने ते आईच्या हातात दिलं. आईने त्यावरचे टाके बोटाने मोजल्यासारखे चाचपले. "हा टाका उलटा घातलास," ती मला म्हणाली. पण मडकं तिने खाली ठेवलं नाही. गाडीत बसेपर्यंत तिच्या हातात होतं.

मे महिन्यात आई परत गेली. त्यानंतर जूनमध्ये इथला हिवाळा सुरू झाला आणि आंटी ओल्या पायरीवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी पकड पहिल्यासारखी आली नाही. मला वाटलं, आता शेड बंद होईल. पण तिने मला निरोप पाठवला, शनिवारी नेहमीसारखी ये. मी गेले तर ती माझ्या शेजारी स्टूल टाकून बसली, डावा हात माझ्या मडक्याच्या आत घातला आणि म्हणाली, "बाहेरून तू खरवड. मी सांगेन." आम्ही दोघींनी मिळून ते मडकं केलं, एक हात तिचा, एक माझा. तिचा हात आतून दाबायचा आणि माती कुठे जाड आहे ते मला बाहेर कळायचं. इतके दिवस ती तोंडाने जे सांगत होती ते मला त्या थंडीत पहिल्यांदा नीट समजलं. ती स्वतःबद्दल एकदाही कुरकुरली नाही. फक्त एकदा, मी घोटत असताना, आपल्या मनगटाकडे बघून म्हणाली, "मावशीचे हात याहून वाईट झाले होते. तरी ती मरेपर्यंत मला चुका दाखवत होती."

यंदा तिचा मुलगा तिला न्यू मेक्सिकोला घेऊन गेला. बहिणीच्या घरी महिनाभर राहिली. तिकडून तिने मला फोनवर एक व्हिडिओ पाठवला. अंगणात बायका बसल्या आहेत, मध्ये माती, आणि आंटी काहीतरी सांगते आहे. सगळ्या हसतात, तीही हसते, हात हलवते, पुन्हा बोलते, भरभर, मध्ये न थांबता. तिला तिच्या भाषेत बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या आंटीचं इंग्रजी सावकाश होतं, शब्द निवडून घेतलेलं. ही बाई निराळीच होती, खट्याळ, बडबडी, मैफल जिंकणारी. मी तो व्हिडिओ लॅबच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून पाहिला, परत परत. इतकी वर्षं ती हे सगळं आत ठेवून आमच्याशी बोलत होती.

ती परत आल्यावर मी म्हटलं, "आंटी, तुझ्या भाषेत मातीला काय म्हणतात?"

ती जरा विचारात पडली. मग माझ्या कानाशी वाकून तिने तो शब्द सांगितला. मी म्हणून पाहिला, तिने दुरुस्त केला, मी पुन्हा म्हटला. "बरोबर," ती म्हणाली. "पण कुठे लिहू नकोस. आमची भाषा आम्ही लिहून बाहेर देत नाही."

"नाही लिहिणार."

"तुमच्यात काय म्हणता?"

"माती. हा कुठेही लिही, चालेल."

"माती," ती म्हणाली. इथल्या लोकांना न जमणारा आपला मऊ त तिने पहिल्याच वेळी बरोबर काढला. मग माझ्यापुढच्या बादलीत डावा हात घालून बोटं फिरवायला लागली.